मॅरो बदलला, पण जपणूक संपली नाही

थॅलेसेमियाच्या लेकराला सख्ख्या भावंडाचा मॅरो जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारांत एक. तो जुळला, मुंबई महापालिकेच्या बोरिवली केंद्रासारख्या ठिकाणी प्रत्यारोपण झालं, लेकरू घरी आलं, की आपण म्हणतो, सुटलो. खरी जपणूक तिथूनच सुरू होते.

प्रत्यारोपणाआधीच्या औषधांनी जुना मॅरो आणि त्यासोबत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही जातात. जंतूंवर पहिली धाव घेणाऱ्या पेशी 2 ते 4 आठवड्यांत परततात, म्हणून रिपोर्ट चांगला दिसतो. पण रोग ओळखून लक्षात ठेवणाऱ्या टी आणि बी पेशी भरून यायला 6 महिने ते 2 वर्षं लागतात. आधीच्या लसींचा असरही पुसतो. बहुतेक लसी साधारण 6 महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यायच्या. गोवराची मात्र 2 वर्षांनंतरच.

तोवर उचल घेतली असली तरी लेकराला ऊसतोडीच्या कोपीवर नेऊ नका. एकानं घरी थांबा. पाणी उकळून द्या. घरातल्यांच्या लसी पूर्ण ठेवा. गोळ्या मनानं बंद करू नका. ताप 100.4 झाला तर सकाळची वाट पाहू नका. फाईल घेऊन रात्रीच मोठा दवाखाना गाठा.