बागेला पाणी किती? वाफसा येईल इतकं

एप्रिल उजाडला की सोसायट्यांच्या आवारात रोज संध्याकाळी पाइप सुटतो. कुंड्यांच्या तळातून पाणी वाहत फाटकापर्यंत येतं, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी जास्वंद मान टाकतेच. मग पुन्हा पाइप. पान मलूल दिसलं की झाडाला तहान लागली, ही समजूत त्यामागे असते, आणि बागेतलं सर्वाधिक पाणी तिच्यापायी वाया जातं असं मला वाटतं.

भर उन्हात पानांतून जितक्या वेगाने पाणी उडून जातं, तितक्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही. म्हणून माती ओली असली तरी पानं झुकतात आणि ऊन उतरलं की आपोआप सावरतात. खरी तहान सकाळी ओळखावी. सकाळी सात वाजताही पानं मलूल असतील तर काहीतरी बिघडलं आहे. पण तेव्हासुद्धा आधी मातीत बोट घाला, कारण पाणी जास्त झालं तरी झाड असंच दिसतं. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. आपण तहान समजून आणखी पाणी ओततो आणि झाड मरतं.

शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी स्थिती. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने ढकलला तर फुटावा. कुंडीत बोटाच्या दोन पेरांवर ओल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

‘रोज थोडं थोडं दिलेलं बरं’ हेही बरेचजण सांगतात. छोट्या कुंड्यांना उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, हे खरं. जमिनीतल्या झाडांना मात्र रोजच्या शिंपडण्याने वरचा इंचभर थर भिजतो आणि तो दुपारपर्यंत वाळतो. मुळं ओलीच्या मागे वरच घुटमळतात, खोल जात नाहीत, आणि चार दिवस पाणी चुकलं की झाड कोलमडतं. सावकाश, खोलवर भिजेल इतकं पाणी द्यावं आणि मग माती वाळू द्यावी. किती दिवसांनी, याचं एकच उत्तर नाही. देशावरची काळी माती ओल धरून ठेवते, कोकणातली जांभ्याची माती लवकर निचरते. पुण्याच्या मावशींचं वेळापत्रक रत्नागिरीच्या अंगणात चालत नाही.

पाणी खोडाशी ओतण्याची सवयही सोडायला हवी. मोठ्या झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं खोडापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. विदर्भातले संत्रा बागायतदार म्हणूनच दुहेरी आळं करतात: आतलं खोडाभोवती कोरडं राहतं, पाणी बाहेरच्या आळ्यात. खोड सतत भिजलं तर डिंक्या रोग येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. घरच्या लिंबालाही हेच लागू आहे.

दुपारी पाणी दिलं की थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे डाग पडले नाहीत. लव असलेल्या काही पानांवर, थेंब लवेवर अधांतरी राहिल्याने, पडू शकतात. दुपार टाळायची ती बाष्पीभवनासाठी. पहाटे किंवा सकाळी लवकर पाणी द्यावं. संध्याकाळीही चालतं, फक्त मुळाशी. पानं रात्रभर ओली राहिली तर बुरशीला आमंत्रण.

आता लॉन. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा लॉन, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, रोज ५ मिलिमीटर भिजवलं तर ५०० लिटर लागतात. भुयारी गटारं असलेल्या शहरांत माणशी रोज १३५ लिटर हा निकष धरतात. चौघांच्या कुटुंबाचे ५४० होतात. टँकर मागवून लॉन हिरवं ठेवणं मला तरी पटत नाही. हरळीचं लॉन उन्हाळ्यात तपकिरी पडलं तरी मेलेलं नसतं. जमिनीखालचे तिचे धुमारे जिवंत असतात आणि पहिल्या पावसांत ती पुन्हा फुटते. लॉन राखायचंच असेल तर कापणी उंच ठेवा, म्हणजे माती सावलीत राहते.

‘ठिबक बसवलं की पाणी वाचलंच’ हेही अर्धसत्य आहे. तासाला ४ लिटर सोडणारे २५ ड्रिपर तीन तास विसरले की ३०० लिटर गेले. त्यापेक्षा आच्छादनाचा आधार मोठा: कुंडीत आणि आळ्यात पालापाचोळा, पाचट, नारळाच्या शेंड्या, काहीही, दोन इंच. उघडी माती झाकली की ओल टिकते.

भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि एसीतून ठिबकणारं पाणी निर्धास्त वापरा. साबणाच्या पावडरचं पाणी कुंड्यांना नको. आरओचं टाकाऊ पाणीही एकाच कुंडीला रोज घालू नका, क्षार साचतात.

आणि उद्या सकाळी एवढं करून बघा: पाइपाखाली १५ लिटरची बादली धरून घड्याळ लावा. ती एका मिनिटात भरली, तर अर्ध्या तासाचा पाइप म्हणजे ४५० लिटर.