संस्थानी टपाल-तिकिटांची परीक्षा : ग्वाल्हेर व इंदूर

पुण्यातील काही जुन्या घराण्यांच्या दप्तरांत ग्वाल्हेर-इंदूरकडील आप्तांची पत्रे आढळतात. त्यांवरील तिकिटे सोडवून घेऊन लिफाफे टाकून देण्याची चाल संग्राहकांत दिसते. परंतु अशा तिकिटाची ओळख आणि मोल ही मुख्यतः त्यावरील व त्याभोवतीच्या अक्षरांवरून ठरतात. सबब या चालीने पुरावाच नष्ट होतो.

होळकर व शिंदे यांच्या तिकिटांतील भेद प्रथम ध्यानी घ्यावा. इंदूर संस्थानाने १८८६ मध्ये दुसरे तुकोजीराव होळकर यांची प्रतिमा असलेले अर्ध्या आण्याचे स्वतंत्र तिकीट काढले. ग्वाल्हेरने मात्र ब्रिटिश सरकारशी झालेल्या टपाल-करारानुसार १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच आपले नाव मागाहून छापविले. अशा मागाहून केलेल्या छपाईस अधिमुद्रण म्हणावे.

ग्वाल्हेरच्या पहिल्या अधिमुद्रणात देवनागरी नाव वर व इंग्रजी नाव खाली आहे. पुढे हा क्रम उलटला. देवनागरी ओळीच्या लांबीवरूनही प्रकार पडतात : एक सुमारे १३ ते १४ मिलिमीटर, दुसरा १५ किंवा किंचित अधिक. सरकारी कामाच्या तिकिटांवर 'सरविस' हा इंग्रजी शब्द देवनागरीत उतरविलेला आहे. तेव्हा मोजपट्टी व भिंग ही परीक्षकाची पहिली साधने होत.

मूळ तिकीट पुष्कळदा सामान्य असते. मोल येते ते या दोन ओळींमुळे. साहजिकच सामान्य तिकिटावर नाव छापून फसविणे सोपे जाते. अधिमुद्रण विक्रीपूर्वी होत असे, म्हणून त्याची शाई टपाल-शिक्क्याच्या शाईखाली असली पाहिजे. ती शिक्क्यावर चढलेली दिसल्यास तिकीट बनावट समजावे. शिक्क्यावरील गाव व तारीख हीही त्या तिकिटाच्या काळाशी जुळावी लागतात. दंतुर कडा, कागदाची झीज व रंग यांचा विचार त्यानंतरचा.

लिफाफा अखंड असेल तर या सर्व खुणा एकमेकींस साक्ष देतात. भाषाभ्यासकास त्याचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या खाजगी पत्रांत पुष्कळदा केवळ मिती असते, शक नसतो. शिक्क्यावरील इंग्रजी तारखेने आतील मोडी लेखनाचा काळ निश्चित होतो. तिकीट सोडविले की बाजारात एक कागदी तुकडा उरतो आणि पत्र कालहीन होते.