आपली सीमाभागाची मराठी मशीनला कोण शिकवणार?

चिंताकी (ता. औराद, जि. बिदर) : "काय करायलास?" हे नांदेड-लातूर-बिदरकडं रोजचं बोलणं. पण मोबाईलला बोलणं ओळखायला शिकवताना नुसती पुस्तकी मराठी दिली, तर तो तेवढीच ओळखणार. हे शिकवायचे आवाज सगळ्यांसाठी खुले ठेवून गोळा करणारा एक प्रकल्प म्हणजे मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस'. २०१७ मध्ये इंग्रजीपासून सुरू झाला, आता त्यात मराठीही आहे.

काम सोपं आहे. स्क्रीनवरचं वाक्य वाचून रेकॉर्ड करायचं. दुसरे लोक ऐकतात, दोघांनी बरोबर म्हटलं की क्लिप पक्की. हा साठा कुणीही फुकट वापरू शकतो, कंपन्यासुद्धा. (काहींना हे खटकतं, आणि ते रास्त आहे. एकदा डाऊनलोड झालेला आवाज परत येत नाही. आधी विचार करूनच बोलावं.)

आता खरा प्रश्न : अशा प्रकल्पानं काय काय अंगावर घ्यायचं? मोझिलाकडं आवाजाचा साठा होता आणि बोलणं ओळखणारं 'डीपस्पीच' हे इंजिनही होतं. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलानं सुमारे २५० माणसं कमी केली. पुढं डीपस्पीच थांबलं, साठ्याचं काम चालू राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये एनव्हिडियानं त्यासाठी १५ लाख डॉलर दिले. आम्हा बी.कॉम.वाल्यांच्या भाषेत सांगायचं तर इंजिन म्हणजे मशिनरी, दरवर्षी घसारा लागणारच. आवाजाचा साठा म्हणजे जमीन. जमीन राखली, हे बरं केलं.

पण त्या जमिनीत आपलं वावर किती? वाचायला दिलं की माणूस शाळेत धडा वाचावा तसा वाचतो. त्यामुळं बोली यायची तर वाक्यंच बोलीत लिहून द्यावी लागतील. नियम आहेत : वाक्य लहान, स्वतःचं किंवा कॉपीराइट नसलेलं, आणि आकडे अक्षरात. '२५' लिहिलं तर एक जण 'पंचवीस' म्हणेल, दुसरा 'ट्वेंटी फाइव्ह', आणि आपल्याकडं तिसरा 'इप्पत्तैदु'. पेपरातलं वाक्य उचलून चालत नाही, या पोर्टलवरचंही नाही.

काही भाषांसाठी वाचण्याऐवजी प्रश्नाला मनानं उत्तर देण्याची सोयही प्रकल्पानं काढली आहे. बोली त्यातच खरी उतरते. पण मग ते ऐकून लिहून काढावं लागतं, आणि त्याला वेळ फार जातो. 'करायलास' लिहायचं की सुधारून 'करत आहेस'? मधेच कन्नड शब्द आला तर ते वाक्य मराठीत धरायचं का? माझं मत, बोललं तसंच लिहावं आणि कन्नड शब्दही ठेवावा. पण हे काम सुरू व्हायच्या आधी ठरायला हवं, कारण हजारो क्लिपा झाल्यावर कुणी परत तपासत बसत नाही.

तोवर एवढं करता येतं : प्रोफाइलमध्ये आपल्या बोलण्याचा ढंग लिहायची जागा असते. तिथं नुसतं 'मराठी' न लिहिता 'औराद-बिदर सीमाभाग' लिहा.