तीन मिलिसेकंदांची मुदत

घरी गाणं रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर हवाय म्हटलं की दुकानदार बजेट विचारतो आणि हातात जे कोटेशन ठेवतो ते बहुतेक वेळा गेम खेळणाऱ्यांसाठीचं असतं. त्यात महागडं ग्राफिक्स कार्ड, काचेचं कॅबिनेट आणि दिव्यांचे पंखे असतात. मशीन ताकदवान असतं, यात शंका नाही. तरीही घरी आणून चार ट्रॅक लावले की हेडफोनमध्ये मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो. घेणारा बिचारा आणखी वेगवान प्रोसेसरचे भाव काढायला लागतो. मला वाटतं, इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. संगीताच्या कॉम्प्युटरकडून हवा असतो तो वक्तशीरपणा, आणि तो सरासरी वेगाच्या आकड्यांत दिसत नाही.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढं टिपायला दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात. कॉम्प्युटर हे नमुने एकेक करून हाताळत नाही, त्यांचे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ नमुन्यांचा ठेवला तर एक गठ्ठा वाजून संपायला २.९ मिलिसेकंद लागतात. पुढचा गठ्ठा तेवढ्यात तयार व्हायलाच हवा. त्यात गायकाचा आवाज, त्यावरचा इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, सॉफ्टवेअरमधला पियानो, सगळ्यांची बेरीज, सारं काही आलं. ही मुदत सेकंदाला जवळजवळ साडेतीनशे वेळा येते. एकदा जरी हुकली तरी ध्वनीचा प्रवाह तुटतो आणि कानाला तो ‘टक्’ ऐकू येतो. चित्रपटातली एखादी फ्रेम गळली तर डोळा सांभाळून घेतो, पण कान माफ करत नाही. तबलजी कितीही तयारीचा असो, समेवर उशिरा आला की बैठक विस्कटते; प्रोसेसरला तर दर आवर्तनाची सम गाठायची असते.

मग बफर मोठाच का ठेवू नये? १,०२४ नमुन्यांचा ठेवला तर २३ मिलिसेकंदांची ऐसपैस मुदत मिळते. अडचण अशी, की तेवढाच उशीर आवाज आत येताना होतो आणि जवळपास तेवढाच बाहेर जाताना. सिंथेसायझरची पट्टी आत्ता दाबायची आणि सूर मागाहून ऐकायचा, अशाने लय हाताखालून निसटते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा वादक आणि स्पीकर यांच्यात साडेतीन मीटर अंतर असल्यासारखा. एवढं बहुतेक वादक सहज पचवतात.

गायकाचं दुखणं वेगळं आहे. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो आणि तोच हेडफोनमधून थोडा मागाहून येतो. उशीर ५ मिलिसेकंदांचा असेल तर १०० हर्ट्झचं कंपन बरोबर अर्ध्या फेऱ्याने मागे पडतं. दोन्ही लहरी एकमेकींना खायला लागतात. ३०० आणि ५०० हर्ट्झलाही तेच होतं. आवाज पोकळ, नळकांड्यातून आल्यासारखा वाटतो आणि गायक नकळत पट्टी सोडतो. यावर उपाय प्रोसेसरमध्ये शोधू नये, तो ऑडिओ इंटरफेसमध्ये आहे. माइक जोडायची ही छोटी पेटी आवाज कॉम्प्युटरपर्यंत जाण्याआधीच थेट हेडफोनला देऊ शकते. म्हणून माझा आग्रह असतो, की ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचवून इंटरफेस चांगला घ्यावा आणि घेताना पेटीच्या देखणेपणापेक्षा तिचा ड्रायव्हर कसा आहे याची चौकशी करावी.

ही मुदतीची कटकट संगणक-संगीताच्या जन्मापासूनची नाही. १९५७ साली बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने आयबीएम ७०४ या यंत्रावर १७ सेकंदांची रचना तयार केली, तेव्हा गणित आधी सावकाश व्हायचं आणि ऐकणं नंतर. १९८३ साली वाद्यांना आज्ञा पाठवण्याची मिडी ही पद्धत आली. १९८५ च्या अटारी एसटीला तर मिडीची भोकं अंगचीच होती. पण त्या काळी घरचा कॉम्प्युटर बाहेरच्या वाद्यांना ‘हा सूर वाजव’ एवढंच सांगायचा. एक सूर सांगायला तीन बाइट आणि जेमतेम एक मिलिसेकंद पुरायचं. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायची व्हीएसटी प्लगइन आणली, पुढच्या वर्षी विंडोजमधले आडवळणाचे थर टाळून थेट इंटरफेसशी बोलणारा एएसआयओ ड्रायव्हर आणला, आणि १९९९ मध्ये वाद्यंच प्लगइन झाली. तेव्हापासून ध्वनी घडवण्याचं ओझं घरच्या प्रोसेसरवर आहे.

आता प्रोसेसर. सोळा कोअर म्हणजे आठाच्या दुप्पट काम, हा हिशोब व्हिडिओ एडिटिंगला बऱ्याच अंशी लागू पडतो, इथे नाही. एका ट्रॅकवर इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी साखळी असते. कॉम्प्रेसरचं काम झाल्याशिवाय रिव्हर्बला हात लावता येत नाही, त्यामुळे ती साखळी सहसा एकाच कोअरला ओढावी लागते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरांवर वाटता येतात, पण शेवटी सगळे मास्टर ट्रॅकवर एकत्र येतात आणि पुन्हा रांग लागते. म्हणून कोअर सहा-आठच असले तरी चालतील, मात्र प्रत्येकाचा वेग चांगला हवा.

रॅमबद्दल फार ताणायला नको. गाणी आणि थोडी वाद्यं यांना १६ जीबी पुरते. ऑर्केस्ट्राच्या लायब्ररी वापरणाऱ्याने ३२ घ्यावी. चांगल्या पियानो लायब्ररीत प्रत्येक पट्टी हलक्या-जड अशा अनेक आघातांनी रेकॉर्ड केलेली असते. प्रत्येक सुराची सुरुवात रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला भाग वाजता वाजता डिस्कवरून ओढतात. एसएसडी लागते ती इथे. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकना तिची फारशी गरज नाही: २४ बिट, ४८,००० नमुन्यांचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट मागतो, चाळीस ट्रॅक सहा मेगाबाइटच्या आत बसतात. जोडताना मात्र रॅमच्या दोन कांड्या घ्याव्यात आणि चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासूनच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. बोर्डाच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. ती फेकू नये.

इतकं सगळं नीट घेऊनही टक्टक् येतेच, तेव्हा चोर बहुधा एखादा ड्रायव्हर असतो. वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर क्षणभर प्रोसेसर अडवून धरतो. एरवी ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण ध्वनीची मुदत तेवढ्यात उलटून जाते. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर चालवलं की विंडोजमधला हा अडवणारा नावानिशी दिसतो. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद करणं आणि वीज वाचवण्याच्या सेटिंग काढून टाकणं, यानेच अनेकदा काम भागतं. लिनक्सवाल्यांसाठी चांगली बातमी म्हणजे २०२४ च्या ६.१२ कर्नलपासून मुदत पाळण्याची खास सोय मूळ कर्नलमध्येच आली आहे.

या शास्त्रातला मला सगळ्यात आवडणारा चमत्कार शांततेचा आहे. रिव्हर्बची आस विरत जाते तसे आकडे लहान लहान होत जातात. शून्याच्या अगदी जवळ पोचले की अनेक प्रोसेसरना त्यांचं गणित नेहमीपेक्षा कितीतरी जड जातं. पेंटियम ४ च्या काळात गाणं थांबल्यावर, काहीच वाजत नसताना, प्रोसेसरवरचा ताण एकाएकी चढायचा! आता चांगली प्लगइन असे आकडे सरळ शून्य धरतात.

खरी शांतता आपल्या खोलीत मिळवणं अवघड. तानपुरा किंवा हलका षड्ज लावून बसलं, की कंडेन्सर माइक कॅबिनेटचा पंखाही तितक्याच आदराने टिपतो. त्यात आपल्याकडचा मे महिना. रेकॉर्डिंगसाठी खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. दहा मिनिटांत खोली तापते, प्रोसेसर तापतो आणि ऐन अंतऱ्यात कॅबिनेटचे पंखे जोरात घुमायला लागतात. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचे मोठे पंखे घेऊन ते हळू फिरवावेत, हीटसिंक गरजेपेक्षा एक पायरी मोठा घ्यावा, आणि काचेऐवजी जाळीचं कॅबिनेट निवडावं. कॅबिनेट टेबलाखाली, माइकच्या पाठीमागच्या बाजूला गेलं तर उत्तम. विजेची ५० हर्ट्झची ‘हूं’ ऐकू आली तर आधी अर्थिंग तपासावं आणि सगळी उपकरणं एकाच स्विचबोर्डावर घ्यावीत. तिसरी पिन काढून हूं घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नये, त्यात जिवाला धोका आहे.

ज्यांच्याकडे जुनाच लॅपटॉप आहे त्यांनीही खट्टू होऊ नये. रेकॉर्ड करताना बफर १२८ ठेवावा आणि जड रिव्हर्ब बंद ठेवावेत. एखादं वाद्य मनासारखं वाजवून झालं की तो ट्रॅक ‘फ्रीझ’ करावा. सॉफ्टवेअर त्याची तयार ध्वनिफीत करतं आणि प्रोसेसर मोकळा होतो. मिक्सिंगला बसलं की बफर १,०२४ वर न्यावा, कारण तेव्हा कोणी गात नसतं, वाजवत नसतं. शेवटची फाइल काढताना तर मुदत अशी नसतेच, जुनं मशीन थोडा जास्त वेळ घेतं, आणि फाइल नव्या मशीनवर निघाली असती तशीच निघते.