खारी-उंदरांनी पेरलेले रान
खारी, उंदीर आणि त्यांचे भाऊबंद बिया खाऊन जगतात, आणि त्याच बियांची पेरणीही करतात. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहणाऱ्या या प्राण्यांना कृंतक म्हणतात. सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती या एकाच गटातल्या आहेत. बुलबुलासारखा पक्षी फळाचा गर खातो आणि बी विष्ठेतून धडधाकट बाहेर टाकतो. कृंतकाला बहुधा बीच हवे असते आणि त्याच्या दाताखाली आलेले बी संपते. तरीही झाडाला त्याचा उपयोग होतो, कारण फळांच्या हंगामात पोटात मावणार नाहीत इतक्या बिया खाली पडलेल्या असतात आणि टंचाईचे दिवस पुढे यायचे असतात. खाऊन उरलेल्या बिया तो साठवून ठेवतो.

साठवण्याच्या तऱ्हा दोन. काही जाती बिळात एकच मोठे कोठार भरतात. खोल कोठारात बी रुजले तरी कोंब सहसा उजेडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे झाडांना त्याचा लाभ थोडाच. दुसऱ्या तऱ्हेत प्राणी एकेक-दोनदोन बिया वेगवेगळ्या जागी, जमिनीखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर पुरतो आणि वर पालापाचोळा ओढतो. साठा असा विखुरला की चोराला तो एकदम सापडत नाही. शेतकरी टोकण करताना बी साधारण एवढ्याच खोलीवर टाकतो. रुजायला ओल मिळते आणि कोंबाला वर यायला वाट उरते.

उत्तर अमेरिकेतील करडी खार ओकची फळे अशीच पुरते. पांढऱ्या ओकची फळे पडल्यावर लगेच, शरद ऋतूतच रुजू लागतात आणि रुजलेल्या फळातले अन्न खारीच्या हातून जाते. म्हणून ही खार पुष्कळदा पुरण्याआधी फळाच्या टोकाशी असलेला कोंब दातांनी कोरून काढते. तांबड्या ओकची फळे वसंतापर्यंत निजलेली राहतात. ती फळे मात्र खार जशीच्या तशी पुरते. ओकची झाडेही दरवर्षी सारखी फळत नाहीत. काही वर्षे जेमतेम फळे धरतात आणि मग एका वर्षी आसपासची सारी झाडे एकदम लगडतात. त्या वर्षी पुरलेल्यांपैकी बऱ्याच फळांना खाणारा उरत नाही.

या सगळ्या व्यवहाराचा बारकाईने माग काढला गेला तो पनामातील बारो कोलोरादो बेटावर. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, तेव्हा बुडायची राहिलेली ही टेकडी १९२३ पासून अभ्यासासाठी राखीव आहे. तिथे अगूटी हा सशाएवढा, जवळजवळ बिनशेपटीचा कृंतक राहतो. तालकुळातल्या एका काटेरी खोडाच्या झाडाच्या बिया तो पुरतो. संशोधकांनी या बियांना छोटे रेडिओ-प्रक्षेपक बांधले. पुरलेले बी कोणी उकरले की संदेश सुरू होई. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले एक बी ३६ वेळा पुरले गेले. एकूण ७४९ मीटर फिरून ते मूळ जागेपासून २८० मीटरवर पोचले आणि २०९ दिवसांनी खाल्ले गेले.

एवढी फिरवाफिरव होते ती मुख्यतः चोरीमुळे. एका अगूटीने पुरलेले बी दुसरी उकरते आणि आपल्या हद्दीत नेऊन पुरते, तिथून ते तिसरी पळवते. एकटी अगूटी बी फार लांब नेत नाही, पण हातोहात चोरी होत गेल्याने अंदाजे ३५ टक्के बिया १०० मीटरच्या पलीकडे गेल्या. सुमारे १४ टक्के बिया पुढच्या वर्षापर्यंत टिकल्या. हा आकडा लहान नाही. झाडाला आपल्या साऱ्या आयुष्यात स्वतःच्या जागी एकच झाड उभे करायचे असते. ज्या बिया टिकतात त्यांचा धनी कधी ओसेलॉट या रानमांजराच्या तोंडी गेलेला असतो, तर कधी जागा विसरलेला असतो. शिवाय उघड्यावर पडलेल्या बियांत भुंगेऱ्यांच्या अळ्या शिरतात. मातीखालच्या बिया त्यातून बऱ्याच वाचतात.

या तालवृक्षाच्या बियांसारख्या मोठ्या बिया पूर्वी हत्तींच्या नात्यातले प्राणी गिळून लांब नेत असावेत, असा तर्क जॅन्झन आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडला होता. ते प्राणी अमेरिकेतून दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीसे झाले, झाडे मात्र टिकून राहिली. मधल्या काळात ती कोणाच्या आधाराने टिकली, या प्रश्नाचे एक पटण्याजोगे उत्तर पनामातल्या या चोऱ्यांनी दिले.

अॅमेझॉनच्या खोऱ्यातील ब्राझील नटचे झाड तर अगूटीवाचून जवळजवळ अडूनच राहते. त्याचे फळ नारळासारख्या टणक कवचाचे, दोन किलोपर्यंत वजनाचे असते. पडल्यावर ते आपोआप फुटत नाही. अगूटी ते कुरतडून उघडते, आतल्या दहा-पंचवीस बियांतल्या काही खाते, बाकीच्या पुरते. बाजारात येणाऱ्या या बिया बहुतांशी रानातूनच गोळा केल्या जातात. जिथे ही वेचणी पिढ्यान्‌पिढ्या सपाटून झाली, तिथे कोवळी झाडे फार थोडी आढळतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. पुरायला बिया उरत नाहीत आणि अगूटीची शिकार वाढली तर पुरणारेही कमी होतात. जुनी झाडे शेकडो वर्षे फळत राहतात, त्यामुळे ही तूट वरवर पाहणाऱ्याला पुष्कळ काळ जाणवतही नाही.