काझुनोतील अस्वले

जपानच्या अकिता प्रांतातील काझुनो परिसरात 2016 च्या मे-जूनमध्ये बांबूचे कोंब खुडायला जंगलात गेलेल्या चौघांचा अस्वलांनी बळी घेतला. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेले हे काळे अस्वल हिमालयातल्या काळ्या अस्वलाचा भाऊबंद. एरवी ते माणसाला टाळते.

मग ते गावात का शिरते? बीच आणि ओकच्या झाडांना काही वर्षी फळे जवळजवळ धरतच नाहीत. हिवाळी झोपेआधी चरबी साठवायची असते, डोंगरात खायला नसते आणि खाली परसात काकी (पर्सिमन) या झाडाची पिकलेली फळे लोंबत असतात. तरुण मंडळी शहरांत गेली, ती फळे उतरवणार कोण? शिवारातली राबती शेतेही ओस पडल्याने रान घरांना येऊन भिडले. माझ्या मते खरे दुखणे हेच आहे. अस्वलाची भूक हे निमित्त.

रानात जाताना कंबरेला घंटा बांधतात, कारण अस्वल दचकले की अंगावर येते. दिसलेच तर पळू नये. त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरावे. पिल्लू दिसले, तर आई जवळच असणार असे धरून चालावे. झडप पडलीच तर पालथे होऊन दोन्ही हातांनी मान झाकावी, कारण वार बहुधा डोक्या-चेहऱ्यावर होतात.

नोव्हेंबर 2025 मध्ये काझुनोत पिंजरे लावायला सैनिक आले. मात्र गोळी झाडण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. ते मुख्यतः परवानाधारक शिकाऱ्यांकडे राहिले आणि त्यांतले बरेच जण आता म्हातारे झाले आहेत.