वाढीचं इंजेक्शन आणि कॅन्सरची धास्ती

भिवंडीहून परळला जायचं म्हणजे आधी ठाणं नाही तर कल्याण गाठायचं आणि मग लोकल पकडायची. लहानग्याच्या ब्लड कॅन्सरसाठी किंवा मेंदूतल्या गाठीसाठी टाटा मेमोरियलच्या अशा वाऱ्या केलेली घरं यंत्रमागांच्या या शहरातही आहेत. उपचार संपतात, मूल शाळेत जायला लागतं. दोन-चार वर्षांनी लक्षात येतं, की धाकटा भाऊ उंचीत पुढे गेला. तपासण्या होतात. ग्रोथ हार्मोन कमी पडतंय, रोज रात्री इंजेक्शन घ्यावं लागेल, असं डॉक्टर सांगतात. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "वाढीचंच औषध ना? मग कॅन्सरही वाढेल की!"

त्याच शहरातल्या एखाद्या जिममध्ये हेच हार्मोन दंड फुगवायला बिनधास्त टोचून घेतलं जातं. तिथे कॅन्सरचं नावही निघत नाही. धास्ती आहे, पण ती चुकीच्या घरी मुक्कामाला आहे.

"वाढीचं हार्मोन म्हणजे कॅन्सरला खतपाणी"

ही शंका खुळी नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन स्रवतं. त्याच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-1 नावाचं द्रव्य तयार करतं. हे द्रव्य पेशींना विभागायला लावतं आणि त्यांचं मरण लांबवतं. कॅन्सरची पेशीही ही हाक ऐकते. पिट्युटरीतल्या गाठीमुळे वर्षानुवर्षं हे हार्मोन जास्त स्रवत राहिलं, तर ॲक्रोमेगाली होते. हातपाय आणि जबडा वाढत जातो. अशा रुग्णांच्या मोठ्या आतड्यात पॉलिपही जास्त सापडतात. उलट लॅरॉन सिंड्रोममध्ये शरीर हार्मोनला दादच देत नाही. इक्वेडोरमधल्या अशा 99 बुटक्या माणसांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात कॅन्सरचा एकच रुग्ण आढळला आणि तोही दगावला नाही.

म्हणजे नातं आहे. पण ज्याच्या शरीरात हार्मोन कमी आहे, त्याला तेवढी तूट भरून दिली तर कॅन्सर वाढतो का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या पेशींकडून मिळत नाही. त्यासाठी उपचार घेतलेली माणसं मोजावी लागतात.

ती मोजली गेली आहेत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून बातमी आली, की इंजेक्शन घेणाऱ्या काही मुलांना रक्ताचा कॅन्सर झाला. जगभर खळबळ उडाली. पुढे नोंदी तपासल्यावर दिसलं, की ज्या मुलांना आधी कॅन्सर झालेला नव्हता किंवा कॅन्सरकडे झुकवणारा जनुकीय आजार नव्हता, त्यांच्यात प्रमाण इतर मुलांइतकंच आहे. मग युरोपातल्या आठ देशांनी मिळून बालपणी उपचार घेतलेल्या सुमारे 24 हजार जणांचा मागोवा घेतला. त्याचा कॅन्सरविषयीचा अहवाल 2017 मध्ये आला. नुसती उंची खुंटली म्हणून इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये कॅन्सरचं एकूण प्रमाण वाढलेलं नव्हतं. हाडांच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे थोडे आकडे वर गेलेले दिसले, पण रुग्ण इतके कमी होते, की त्यावरून निष्कर्ष काढणं धाडसाचं ठरेल. म्हणूनच ही माणसं पन्नाशी-साठीत जाईपर्यंत नजर ठेवायला हवी, असं जाणकार म्हणतात.

"एकदा कॅन्सर होऊन गेला, मग हे औषध नकोच"

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. मुलाची वाढ बऱ्याचदा रेडिएशनमुळे खुंटते. डोक्याला दिलेले किरण गाठीबरोबर हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीलाही भाजतात आणि सगळ्यात आधी ग्रोथ हार्मोन आटतं. मणक्यालाही किरण दिले असतील, तर मणक्याची वाढ कायमची मागे राहते. ती तूट इंजेक्शनही पुरती भरून काढत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

अमेरिकेत बालपणीच्या कॅन्सरमधून वाचलेल्यांचा एक मोठा अभ्यास चालू आहे. 2002 मध्ये त्यातल्या 13,539 जणांची माहिती तपासली गेली. 361 जणांनी हार्मोन घेतलं होतं. जुना कॅन्सर उलटण्याचं प्रमाण त्यांच्यात वाढलेलं नव्हतं. दुसरी, नवी गाठ होण्याचं प्रमाण मात्र सुमारे तिप्पट दिसलं. 2006 मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा ते दुपटीवर आलं होतं. या नव्या गाठींत मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठी, जास्त होते आणि डोक्याला रेडिएशन मिळालेल्यांना ते हार्मोनशिवायही होतात. 2014 मध्ये याच अभ्यासातून मेंदूच्या नव्या गाठींची तुलना झाली, तेव्हा हार्मोन घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक उरला नव्हता.

डॉक्टरांचा रिवाजही सावधच आहे. कॅन्सर अंगात असताना हे औषध देत नाहीत. उपचार संपून साधारण एक वर्ष आजाराने डोकं वर काढलं नाही, की मग कॅन्सरतज्ज्ञांना विचारून सुरू करतात. फॅन्कोनी ॲनिमिया किंवा ब्लूम सिंड्रोमसारखे जनुकीय आजार असतील, तर टाळतात. चालू केल्यावर रक्तातलं आयजीएफ-1 वेळोवेळी मोजून ते वयाच्या मर्यादेत ठेवतात.

टाटा मेमोरियलमध्ये 1991 पासून 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट' क्लिनिक आहे, बऱ्या झालेल्या मुलांवर पुढे लक्ष ठेवण्यासाठीच. "आता बरा झालाय, कशाला खेटे घालायचे" म्हणून ते सोडू नये. हाडांच्या टोकांच्या वाढपट्ट्या वयात येताना बुजतात. रेडिएशन झालेली काही मुलं तर लवकर वयात येतात. पट्ट्या बुजल्यावर कितीही इंजेक्शनं दिली तरी उंची वाढत नाही. धास्तीत घालवलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

"हे मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात"

काढत होते. 1958 पासून माणसाच्या मृतदेहातल्या पिट्युटरीतलं हार्मोन वापरात आलं. 1985 मध्ये त्यातून क्रॉइत्झफेल्ट-जेकब हा मेंदूचा जीवघेणा आजार पसरल्याचं उघड झालं आणि ते थांबलं. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हार्मोन बाजारात आलं. आज दुकानात जे मिळतं, ते प्रयोगशाळेतलंच.

"चिकन आणि तबेल्याच्या दुधातूनही हेच पोटात जातं"

नाही. तबेल्यात पान्हा सुटण्यासाठी चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन. ते वाईटच, पण ते हार्मोन वेगळं. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. शिवाय गाईगुरांचं ग्रोथ हार्मोन माणसावर चालतच नाही, आणि हे प्रथिन असल्यामुळे पोटात गेलं की पचून जातं. ग्रोथ हार्मोन म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीही याच कारणाने फोल.

"लहान मुलांना चालतं, मग आम्हाला काय होतंय?"

"एक सायकल मार, बॉडी कट टू कट दिसेल," असं सांगणारे भाऊ जिममध्ये भेटतात. ज्या मोठ्या माणसाला खरोखर कमतरता आहे, त्याला डॉक्टर साधारण एका युनिटच्या आसपास सुरुवात करतात. जिममध्ये त्याच्या कितीतरी पट घेतलं जातं, रक्त न तपासता, बहुधा स्टेरॉइडच्या जोडीने. वर सांगितलेला कोणताही दिलासा या डोसला लागू होत नाही. हा माणूस पैसे मोजून ॲक्रोमेगालीच्या वाटेला लागलेला असतो. साखर वाढते, सांधे आखडतात, हृदय जाड होतं. आतड्यात आधीच एखादी गाठ रुजलेली असली, तर तिला काय मिळतंय ते पाहायला कोणी नसतं. हे औषध फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. भर मे महिन्यात ट्रेनरच्या बॅगेतून निघालेल्या बिनलेबलच्या कुपीत काय आहे, ते देवच जाणे. उत्तेजक म्हणून खेळात त्याला बंदी आहे ती वेगळीच.

मुलाला इंजेक्शन सुरू करायचं असेल, तर हार्मोनतज्ज्ञांकडे जाताना कॅन्सरच्या उपचारांचा सारांश न्या. रेडिएशन कुठे आणि किती दिलं, ते त्यात असायला हवं. घरात कोणाला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा. इंजेक्शन चालू असताना उलट्यांसह डोकं दुखू लागलं, नजर धूसर झाली किंवा मूल लंगडायला लागलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.